प्रत करायची, पण कशाची आणि कशी?

तैलरंग शिकण्यासाठी जुन्या, अकॅडमिक (म्हणजे युरोपातल्या कलाशाळांच्या वास्तवदर्शी) शैलीतल्या चित्राची प्रत करावी का आणि ती कशी करावी, यावर बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून, थोडी आखडून इथे घेतली आहेत.

प्रश्न : शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. जलरंगांवर हात बसला आहे, तैलरंग मात्र नवे आहेत. बूगरो या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ब्रिटनीतील भाऊ-बहीण’ या चित्राची प्रत करायची आहे. २४ × ३६ इंचांचा तयार कॅनव्हास आणून ठेवला आहे. सुरुवात कुठून करू?
(एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : चित्र चांगले निवडलेत, कॅनव्हास मात्र तूर्त बाजूला ठेवा. विल्यम-अडॉल्फ बूगरोचे (१८२५–१९०५) हे १८७१ चे चित्र १२९.२ × ८९.२ सेंमी मापाचे आहे. त्या प्रमाणात तुमच्या २४ इंच रुंदीला उंची पावणेपस्तीस इंच येते. उरलेला सव्वा इंच भरण्याच्या नादात आकृत्या नकळत लांबट होतात. शिवाय या चित्रात दोन चेहरे आहेत, हात आहेत, वेगवेगळ्या पोतांचे कपडे आहेत, पार्श्वभूमी आहे. प्रत्येकाची रंगवण्याची रीत वेगळी. पहिल्याच खेपेला हे सगळे अंगावर घेतले की अर्धवट कॅनव्हास पलंगाखाली जातो.

फक्त बहिणीचे डोके आणि मान घ्या. ३० × ४० सेंमीचा कॅनव्हास पुरे, आणि माप मूळ चित्राइतकेच ठेवा. लहान करून काढले की मूळ फटकाऱ्याची रुंदी हरवते आणि कोणता ब्रश कुठे वापरला असेल याचा अंदाज येत नाही.

चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून मोठी फाइल मोफत उतरवून घेता येते. फाइलच्या उंचीतले पिक्सेल १२९.२ ने भागा. सेंटीमीटरला ४० किंवा जास्त पिक्सेल येत असतील तर मूळ मापातली छपाई कामापुरती स्पष्ट येते. हवा तेवढा भाग कापून दोन प्रती मॅट कागदावर काढा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. लॅबमध्ये ‘पानाला बसवून’ छापू नका असे बजावून सांगा, आणि आल्यावर फूटपट्टीने माप तपासा.

प्रत करणे हे कमीपणाचे काम नव्हते, हेही ध्यानात असू द्या. १८५० मध्ये प्री द रोम ही फ्रेंच शिष्यवृत्ती मिळवून बूगरो रोमला गेला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या थोर चित्राची प्रत करून पॅरिसला पाठवायची असा दंडकच होता. त्याने राफाएलच्या ‘गॅलेटिया’ची प्रत केली. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये पुढे जे वास्तवदर्शी शिक्षण रुजले, तेही युरोपातल्या याच अकॅडमिक वळणाचे.

आता काम. बाजारातल्या तयार सुती कॅनव्हासची वीण जाड असते. रंग धाग्यांच्या टोकांवर अडकतो आणि गालासारख्या भागात छटा एकमेकींत मिसळत नाहीत. अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटचा ४०० ने. आरशासारखा गुळगुळीत मात्र करू नका, नाहीतर ब्रश घसरतो. मग रॉ अंबर या तपकिरी रंगात चिमूटभर पांढरा, टर्पेंटाइनने पातळ करून फडक्याने पुसून घ्या. करडा-तपकिरी, मध्यमपेक्षा जरा उजळ असा टोन हवा. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर कोणतीही छटा आहे त्यापेक्षा गडद दिसते, त्यामुळे आपण घाबरून सगळे फिके रंगवतो.

रेखाटन कॅनव्हासवर करायचे नाही. ते वेगळ्या कागदावर, मूळ मापात, छपाई शेजारी उभी करून करा. एकूण वेळेतला एक तृतीयांश इथे गेला तरी चालेल. बाह्यरेषेइतकीच महत्त्वाची दुसरी रेषा म्हणजे उजेड संपून सावली सुरू होते ती सीमा. ती कपाळावरून, गालावरून, हनुवटीखालून सलग काढा. तपासायला आरसा वापरा किंवा दोन्ही कागद उलटे धरा. डोळ्यांची पातळी तिरपी झाली असेल तर लगेच कळते. मग ट्रेसिंग पेपरवर खाका घ्या, मागून कोळसा चोळा आणि कॅनव्हासवर उतरवा. ऑफिसातला कार्बन पेपर नको, त्याचा रंग तैलरंगातून वर येतो. उतरलेली रेषा पाणी मिसळलेल्या इंडिया इंकने बारीक ब्रशने पक्की करा आणि जादा कोळसा झटकून टाका.

पहिला थर फक्त रॉ अंबर आणि पांढरा, म्हणजे एकरंगी. पॅलेटवर सात छटा आधी मिसळून ठेवा आणि कृष्णधवल छपाईवर पॅलेट नाइफचे टोक धरून एकेक पडताळा. सावल्या पातळ, उजेड जरा जाड. या थरात तेल घालू नका, लागलेच तर टर्पेंटाइनचे थेंब. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. कोरड्या हवेत पाच-सात दिवस धरा. जाड भागावर बोट दाबून चिकट लागले नाही तरच पुढे जा.

रंगाचे थर दोन. पहिल्यात एक भाग जवसाचे तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन, दुसऱ्यात निम्मे-निम्मे, आणि तेही थेंबांनी. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम उलटा झाला की वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्राला भेगा जातात. आयव्हरी ब्लॅक आणि गडद लाल अॅलिझरिन फार सावकाश वाळतात. ते खालच्या थरात जाड लावू नका.

पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक एवढेच. ओठांसाठी थोडा पर्मनंट अॅलिझरिन. ‘स्किन टोन’ लिहिलेली ट्यूब घेऊ नका.

चेहऱ्यात शिकण्यासारखे खरे काम गालाच्या वळणावर आहे. गालाच्या उजेडापासून जबड्याच्या सावलीपर्यंत पाच छटा शेजारी शेजारी मांडा. उजेडात सहा भाग पांढरा, एक भाग ऑकर, आणि कॅडमियम रेड ब्रशच्या टोकाला लागेल इतकाच. दुसऱ्या छटेत पांढरा कमी, लाल किंचित जास्त. तिसरी ही मध्यछटा. तीत अल्ट्रामरीन आणि अंबरचा करडा थोडा मिसळा. ही छटा थंड, जराशी हिरवट-निळसर दिसते आणि नवशिका नेमकी हीच गाळतो. मग कातडी प्लॅस्टिकसारखी दिसते. चौथी सीमेवरची, इथे बर्न्ट सिएना वाढवून ऊब आणा. पाचवी सावली, अंबर, सिएना आणि ऑकरची, पांढऱ्याचा स्पर्श जवळजवळ नाही. जबड्याखाली परतलेला (परावर्तित) उजेड सावलीपेक्षा उजळ असतो, पण तिसऱ्या छटेइतका कधीच नाही. तो जास्त झाला की जबडा वेगळा चिकटवल्यासारखा वाटतो.

हे पाच तुकडे आधी फरशीसारखे शेजारी लावा आणि दोन पावले मागे जाऊन पाहा. तुकडे बरोबर असतील तर न मिसळताच गाल गोल दिसतो. मगच कोरड्या मऊ ब्रशने सीमेवरून एकदा, फार तर दोनदा हलके फिरवा, आणि प्रत्येक वेळी ब्रश पुसा. तुकडे चुकले असतील तर कितीही मिसळा, चूक फक्त गुळगुळीत होते.

एका डोक्याला बैठकांचे मिळून साधारण ४० ते ६० तास लागतात. वाळण्याचे दिवस वेगळे.

प्रश्न : आमच्याकडे घाण्यावर काढलेले जवसाचे तेल सहज मिळते. रंगात तेच वापरले तर? नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड चालेल का?
(एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : जवस, म्हणजे तुमच्याकडची अळशी, तेलाची जात बरोबर. पण घाण्याच्या तेलात गाळ आणि चिकट द्रव्ये राहतात. ते सावकाश वाळते आणि जास्त पिवळे पडते. हे तेल पाण्याने धुऊन, निवळून चित्रासाठी तयार करण्याची जुनी रीत आहे, पण पहिल्या चित्राच्या वेळी हा खटाटोप नको. हार्डवेअरचे डबल बॉइल्ड दारे-खिडक्यांसाठी असते. लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते चित्राला काळपट करतात. कलासाहित्याच्या दुकानातली शुद्ध जवस तेलाची लहान बाटली घ्या. अख्ख्या डोक्याला २०–३० मिलीपेक्षा जास्त लागत नाही, मग बचत करायची ती कशात?

त्याच दुकानातला ‘थिनर’ही चित्रासाठी आणू नका. लॅकरसाठीचा एन. सी. थिनर खालचा थर विरघळवतो. तिथे ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनचे मिनरल टर्पेंटाइन असते. ब्रश धुवायला ठीक, रंगात मिसळायला चित्रकारांसाठीचे डिस्टिल्ड टर्पेंटाइन घ्या.

शेंगदाण्याचे आणि खोबरेल तेल कधीच वाळत नाही, म्हणून त्यांचा प्रश्नच नाही. करडईचे तेल मात्र घरात असेल तर ब्रश साफ करायला उत्तम. नंतर साबणाने धुऊन ते पूर्ण काढून टाकायचे.

प्रश्न : गोव्याचे चित्रकार ट्रिंदाद यांच्या चित्रांमुळे पोर्ट्रेटचे वेड लागले. एका जुन्या पोर्ट्रेटची प्रत करतोय. चेहरा खडू फासल्यासारखा पांढुरका झाला, सावल्या मातकट झाल्या, आणि वाळल्यावर काळ्या केसांत निस्तेज डाग दिसतात. पावसाळ्यात रंगवल्यामुळे असेल का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : तीन तक्रारी आणि तिन्हींची कारणे वेगळी. पावसाकडे त्यातले फार थोडे जाते.

पांढुरका चेहरा टायटॅनियममुळे. जुन्या चित्रांतला पांढरा बहुतेक शिशाचा, म्हणजे लेड व्हाइट. तो ऊबदार आणि सौम्य, पण विषारी, म्हणून घरी वापरू नका. टायटॅनियमची ताकद त्याच्या कितीतरी पट. जुन्या पुस्तकातले प्रमाण घेतले असेल तर पांढरा निम्मा करून सुरुवात करा आणि उजेड वाढवताना पांढऱ्याबरोबर ऑकरही वाढवा. ट्यूबच्या मागचा सांकेतिक क्रमांक वाचायची सवय लावा. पीडब्ल्यू-६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू-४ म्हणजे झिंक. ‘मिक्सिंग व्हाइट’ नावाच्या ट्यूबमध्ये पुष्कळदा दोन्ही असतात. तेलातले झिंक काही वर्षांत ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात, म्हणून खालच्या थरात ते नकोच.

मातकट सावली उजेडाचा ब्रश सावलीत गेल्याने होते. उजेडाला दोन, सावलीला दोन असे ब्रश वेगळे ठेवा. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनपेक्षा जास्त रंग नकोत. सावली गडद करायला काळा ओतायचा नाही, अंबर आणि अल्ट्रामरीन घ्यायचे.

निस्तेज डाग म्हणजे अस्तराने तेल शोषून घेतले. अंबर आणि काळ्यात हे हमखास होते. थर वाळल्यावर जवस तेलात तितकेच टर्पेंटाइन मिसळून फडक्याने अगदी पातळ चोळा आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. खरा रंग परत वर येतो. पुसायचे विसरलात तर तिथे पिवळा, चिकट थर राहतो. डाग दिसताच वरून आणखी काळा थापणे ही नेहमीची चूक. मूळ टोन ठीकच असतो, फक्त दिसत नसतो.

पावसाळ्याचा परिणाम वाळण्यावर होतो, वेळ दुप्पट धरा. कॅनव्हासची पाठ भिंतीला टेकवू नका, बुरशी येते. ओले चित्र कपाटात बंद करू नका. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. पडलेच तर काही आठवडे उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, ठेवल्यावर बरेचसे परत निवळते.

आणि पणजीला गेलात की फुंदासाव ओरिएंत या संस्थेकडचा आंतोनियो शावियेर ट्रिंदाद (१८७०–१९३५) यांचा संग्रह पाहा. कॅनव्हासकडे समोरून नव्हे, कडेने पाहा. उजेडात रंग किती उचललेला आहे आणि सावलीत किती पातळ, हे छपाईत कधीच दिसत नाही.

प्रश्न : राजा रविवर्मांचे ‘ग्लो ऑफ होप’, समई घेतलेली स्त्री, तैलरंगात करून विकायची आहे. जुन्या कॅलेंडरवरून केले तर चालेल ना?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते चित्र रविवर्म्याचे नाही आणि तैलरंगातलेही नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ते जलरंगचित्र आहे, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. हा घोळ इतका पसरलेला आहे की तुम्हाला दोष देता येत नाही. पण शिकण्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. जलरंगात उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो, तैलरंगात पांढऱ्या रंगाच्या थरातून. या प्रतीतून तैलरंगाचे थर कसे चढतात ते कळणार नाही.

विक्रीचे म्हणाल तर भारतीय कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. हळदणकरांचे निधन १९६८ चे, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत विकण्यासाठी प्रत काढू नका. स्वतःच्या अभ्यासासाठी घरी करणे वेगळे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये. त्यांच्या चित्रांना ही अडचण नाही.

रविवर्म्याचे करायचे झाले तरी कॅलेंडर किंवा ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र) समोर ठेवू नका. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला हललेला त्यांचा छापखाना दगडांवरून छपाई करायचा, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चेहऱ्यातल्या छटा तिथे ठिपक्यांनी साधलेल्या असतात. ज्या मध्यछटा शिकण्यासाठी प्रत करायची, त्याच तिथे गळालेल्या असतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आणि वडोदऱ्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात मूळ तैलचित्रे आहेत. पेन्सिल आणि वही घेऊन जा. कोणती कडा धारदार आणि कोणती विरघळलेली, एवढेच टिपून आणले तरी छपाईवरून काम करताना निम्मा गोंधळ मिटतो.

प्रश्न : एका खोलीत राहतो, घरात लहान मूल आहे. टर्पेंटाइनच्या वासाचे काय करावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : पहिला थर ट्यूबमधल्या रंगाचाच, ब्रशने ताणून पातळ लावा आणि ब्रश करडईच्या तेलात साफ करा. टर्पेंटाइनशिवाय बरेच काम होते. फक्त सुरुवातीच्या टोनला अॅक्रिलिकचा पातळ हात द्या, तोही तैलरंग चढवण्याच्या आधी. वाळलेल्या तैलरंगावर अॅक्रिलिक टिकत नाही.

वासापेक्षा मोठा धोका फडक्यांचा आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती आतल्या आत तापून, काडी न लावता पेटू शकतात. रोज काम संपल्यावर ती पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, किंवा बाहेर दोरीवर सुटी पसरून पूर्ण कडक होऊ द्या, मगच टाका. वापरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत दोन-तीन दिवस ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ पुन्हा वापरता येते.

प्रश्न : प्रत पूर्ण होऊन दोन महिने झाले. दिवाळीच्या प्रदर्शनात ठेवायची आहे. वार्निश मारू का? आणि सही कोणाची करायची?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : अंतिम वार्निश अजून नको. पातळ थरांना सहा महिने, जाड उजेडाला वर्ष. मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा कडेला हलकेच फिरवा. रंग उतरला तर अजून थांबायचे. प्रदर्शनापुरते रिटच, म्हणजे तात्पुरत्या, वार्निशचा एकच पातळ हात द्या. चमक सारखी होते आणि खालचे वाळणे थांबत नाही.

सही तुमची. मूळ चित्रकाराची सही रंगवायची नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये प्रत करणाऱ्यांनाही तिची मनाई असते, आणि प्रतीचे माप मूळ चित्राहून वेगळे ठेवावे लागते. तुम्ही मूळ मापाचा तुकडाच केला असेल तर कॅनव्हासच्या मागे ‘अमुक चित्रकाराच्या अमुक चित्रातील भागावरून’, तुमचे नाव आणि वर्ष असे पुसता न येणाऱ्या शाईने लिहा. शाई कापडातून पुढे उतरू नये म्हणून हे लाकडी चौकटीवर लिहिलेले बरे.